अठ्ठ्याऐंशीचा आकडा

मी भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशनच्या वेळी माणसाला झोपवायचं, तो झोपलेला असेपर्यंत त्याचा श्वास आपण सांभाळायचा आणि काम संपलं की त्याला परत उठवायचं, हा माझा धंदा. आमच्या जंगलातल्या जिल्ह्यांत एका दवाखान्यात एकच भूलतज्ज्ञ असतो, तोही असला तर. त्यामुळे अतिदक्षता विभागातल्या श्वासाच्या मशिनी, म्हणजे व्हेंटिलेटर, त्याच्याच गळ्यात येतात. ज्या सरकारी दवाखान्यात मी तेव्हा होते त्याचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर लोक म्हणतील की असं फक्त तिथेच होतं, आणि बाकीचे सगळे सुटतील.

ती कुरखेड्याच्या पलीकडच्या एका गावातली अंगणवाडी सेविका होती. तिशीही ओलांडलेली नव्हती. धान निसवत होता, म्हणजे लोंब्या बाहेर पडत होत्या, त्या दिवसांत तिला ताप आला, तो अंगावर काढून ती लेकरांना खिचडी वाढत राहिली, आणि मलेरिया फुफ्फुसात उतरला. डोक्यात चढणारा मलेरिया आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असतो. फुफ्फुसात उतरणारा कमी लोकांना ठाऊक असतो, आणि तो उतरला की माणूस कोरड्या खाटेवर पडून बुडत असतो. नवरा आणि सासू तिला घेऊन आले तेव्हा ती एक शब्द बोलू शकत नव्हती. मी घशात नळी घातली आणि तिला मशीनवर घेतलं.

आता इथे थोडं समजून घ्यावं लागेल, कारण पुढचा सगळा संताप त्यावरच उभा आहे. असं फुफ्फुस पाण्याने भरतं आणि बसतं. हवा घेणारी जागा थोडीशीच उरते. तेवढ्या जागेत नेहमीएवढा मोठा श्वास कोंबला तर ती उरलेली जागाही ताणून ताणून फाटते. म्हणून श्वास लहान द्यायचा आणि जरा भरभर द्यायचा. किती लहान, ते माणसाच्या वजनावर नाही, उंचीवर ठरवायचं, कारण माणूस जाड झाला म्हणून त्याचं फुफ्फुस वाढत नाही. श्वास सोडतानाही मागे थोडा दाब धरून ठेवायचा, म्हणजे उघडलेली जागा परत मिटत नाही. आणि रक्तातला ऑक्सिजन शंभरच्या जवळ नेण्याचा हट्ट सोडायचा. मॉनिटरवर अठ्ठ्याऐंशी दिसले तरी चालतात. फुफ्फुस बरं होईपर्यंत तेवढ्यावर माणूस निभावतो.

ऐकणाऱ्याला हा सगळा कंजूषपणा वाटतो. आमचे विभागाचे मोठे साहेब मला चिडवायचे, "म्याडम, हवा काय तुमच्या घरून आणता का? द्या की पोटभर." मीही हसायचे. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

तिचा नवरा गावात शिलाईचं काम करायचा. दुसऱ्या दिवशी तो मशीनकडे बराच वेळ बघत उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, मशीन इतकी मोठी हाय, अन् हवा इतकुशी काऊन देऊन राह्यली?"

मी सावली गावची. आमच्या घरीही हीच बोली. मी म्हटलं, "भाऊ, तुमची बायको अंगणवाडीत खिचडी वाढते ना?"

"हो."

"तीन वर्साच्या लेकराले मोठ्या माणसाचं ताट खाऊ घालते का?"

"नाई. ओकन ना ते."

"तिच्या छातीत आता त्या लेकराएवढंच फुफ्फुस चालू हाय. बाकीचं सारं बसलं. म्हणून तेवढंच वाढून राह्यलो आमी."

त्याने मान डोलावली आणि बाहेर जाऊन व्हरांड्यात बसलेल्या सगळ्या सोयऱ्यांना हेच समजावलं. तो माझ्यापेक्षा चांगलं सांगत होता. जो नवा माणूस गावाहून येई त्याला आधी हे लेकराच्या ताटाचं ऐकावं लागे.

सासूची समजूत घालायला जास्त वेळ लागला. लहान श्वास देऊनही भागेना तेव्हा मी सुनेला पालथं करायचं ठरवलं. उताणं पडलेल्या माणसाच्या फुफ्फुसातलं पाणी पाठीकडे साचतं, आणि फुफ्फुसाचा मोठा भाग तर पाठीकडेच असतो. पालथं केलं की तो भाग वर येतो आणि हळूहळू उघडायला लागतो. पण निदान सोळा तास तसं ठेवावं लागतं. तासाभराने उलटसुलट करून काही मिळत नाही.

म्हातारीने दारातून पाहिलं आणि तिथेच खाली बसली. "पालथी काऊन टाकली मायी सून? लेकरू पालथं झोपलं तं आमी त्याले उठवून सुलटं करतो."

मी तिच्याजवळ बसले. म्हटलं, "माय, धानाच्या बांधीतलं पाणी कुठी साचते?"

"उताराले."

"हिच्या छातीतलं पाणी पाठीकडं साचलं. पाठ वर केली तं तिकडची जागा मोकळी होईन."

ती म्हणाली, "मंग तोंडाले सूज येईन तिच्या." बरोबर होतं, सूज येतेच. मी म्हटलं, येईल आणि उतरेल. तेव्हापासून ती दार उघडलं की फक्त एवढंच विचारायची, "पालथी हाय ना?"

माणसाला नळ्यांसकट पालथं करणं हे पाच जणांचं काम. एक डोक्याशी, घशातली नळी धरून. दोन्ही अंगांना दोघं दोघं. छातीखाली आणि कमरेखाली उशा, डोळ्यांवर पट्टी, आणि सगळ्यांनी एकाच आवाजावर फिरवायचं. आमच्या सिस्टर आणि मामा, म्हणजे वॉर्डबॉय, हे शिकले होते आणि त्याचा त्यांना अभिमान होता. पहिल्यांदा पालथं केलं तेव्हा आकडा आधी ऐंशीच्या खाली गेला आणि मग चढत चढत अठ्ठ्याऐंशीवर येऊन थांबला. दुसऱ्या दिवशी नव्वदच्या पुढे गेला. मला तिच्या वाचण्याची खात्री वाटायला लागली होती. मी हे फार क्वचित म्हणते.

आणि मग दौरा आला.

दौरा म्हणजे काय हे सरकारी दवाखान्यात नोकरी केलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. कोणी मोठे पाहुणे येणार असतात. या वेळी दान मिळालेल्या नव्या मशिनींचं उद्घाटन होतं. पाहुणे जिथून चालणार तेवढ्याच भिंतींना रंग लागतो. कधी न दिसणाऱ्या रंगीत चादरी कपाटातून निघतात. व्हरांड्यातले नातेवाईक मागच्या आवारात हाकलले जातात. फाटकापासून पायरीपर्यंत रांगोळी, आणि आश्रमशाळेच्या मुलींना रेला हा इथला आदिवासी नाच नाचायला आणून उन्हात उभं केलं जातं. तिचा नवरा ती तयारी बघून मला म्हणाला, "अशा टायमाले हिलेच बलावतात बाई, रांगोळी टाकाले. सकाळपासून उभी राह्यते फुलं घेऊन." मला बरं वाटलं की या खेपेला तरी तिची त्यातून सुटका झाली. किती भाबडेपणा होता तो.

त्या दिवशी फटफटतानाच आम्ही तिला पालथं केलं होतं. ती रात्रीपर्यंत तशीच राहायला हवी होती. सकाळी चामोर्शीकडून एक बाळंतीण आली, अडलेली, रक्तस्राव होत असलेली. मला ऑपरेशन थिएटरमध्ये जावंच लागणार होतं. मी सिस्टरला सांगितलं, हिला कोणी हात लावायचा नाही, मशीनला तर मुळीच नाही. सिस्टर म्हणाली, "हो म्याडम." तिचं काही चुकलं नाही. ज्याला नाही म्हणता येत नाही असा माणूस नंतर आला.

मोठे साहेब वाईट डॉक्टर नव्हते. तरुणपणी ते पुराच्या कमरेएवढ्या पाण्यातून चालत एका बाळंतिणीपर्यंत गेले होते, हे मी अनेकांकडून ऐकलं आहे. पण वर्षानुवर्षं दौरे झेलून माणसाला पेशंटच्या आधी पाहुण्यांच्या डोळ्यांनी बघायची सवय लागते. सिस्टरने मला नंतर सांगितलं, ते विभागात पाऊल टाकताच म्हणाले, "हे काय? पाहुण्यांना पाठ दाखवायची? फोटोत काय येणार, पाठ? लोक म्हणतील मेलेली ठेवली आहे." सिस्टर म्हणाली, म्याडमनी सांगितलंय. ते म्हणाले, "म्याडमना मी सांगतो. सुलटी करा."

सुलटी केली. आकडा घसरला, तसा तो घसरणारच होता. मग साहेबांनी स्वतः मशीनचा श्वास वाढवला, दाब वाढवला, आणि वाढवत गेले. अठ्ठ्याण्णव आले. हीच तर यातली दुष्टाई आहे. जखमी फुफ्फुसाला कोंबून हवा दिली की आधी आकडा छान दिसतो. फाटतं ते आतून, आणि फाटलेलं मॉनिटरवर लगेच दिसत नाही. साहेब सिस्टरला म्हणाले, "बघा, जमलं की नाही? उगाच त्या माणसाला उपाशी ठेवल्यासारखं." तिच्या केसांना तेल लावून भांग पाडायला लावला. कपाळाला टिकली लावली. वर गुलाबी चादर.

मी थिएटरमधून परत आले आणि ते अठ्ठ्याण्णव पाहिले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दाब कमी केला, श्वास पहिल्यासारखा लहान केला, आणि पालथं करायला माणसं बोलावली. माणसं नव्हती. सिस्टर एकटी होती. बाकीच्या सगळ्या फाटकाशी रांगेत, हातात फुलं. मामा सतरंज्या घालत होते. मी स्वतः फाटकापर्यंत गेले आणि चार माणसं मागितली. साहेब म्हणाले, "येतीलच आता पाहुणे. अर्ध्या तासाने काय होतं?"

मी म्हटलं, "फुफ्फुस फाटतं, सर."

"म्याडम, तुम्ही फार घाबरवता."

पाहुणे आले नाहीत. ते सकाळी येणार होते. दुपार कलली तरी नाहीत. वाटेत कुठे जेवण होतं, कुठे आणखी एक फीत कापायची होती. दर अर्ध्या तासाला येतीलच आता. मधे साहेब एकदा पुढे आलेल्या कोणा अधिकाऱ्याला घेऊन आत आले, शहाऐंशी बघून त्यांचा चेहरा पडला, आणि माझ्यादेखत त्यांनी परत दाब वाढवला. मी त्यांचा हात धरला. खरंच धरला. ते त्या अधिकाऱ्यासमोर हसले आणि हळूच म्हणाले, "हा विभाग कोणाच्या नावावर आहे?" मी त्या दोघांसमोरच दाब परत खाली आणला. तेवढ्यात थिएटरमधून निरोप आला, बाळंतिणीचं रक्त थांबत नाही. दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मी गेले. ती बाळंतीण वाचली. तिचा मुलगा आता चालतो असं ऐकते. त्या दिवसातली एवढीच गोष्ट मला धड आठवावीशी वाटते.

परत आले तेव्हा मशीन ओरडत होती आणि दाब पुन्हा चढवलेला होता. तिची उजवी छाती हलत नव्हती. मानेखाली हात लावला तर कातडीखाली हवा कुरकुरली, फुटाण्याची पुडी दाबावी तशी. उजवं फुफ्फुस फुटून हवा छातीत भरली होती. मी सुई घातली. हवा फुसकन बाहेर आली. मग सर्जनला ओढून आणलं आणि बरगड्यांमधून नळी टाकली. याच वेळी बाहेर मुली नाचत होत्या आणि पाहुणे काचेपाशी आले. आत यायला त्यांना वेळ नव्हता. काचेतून त्यांना तिच्या खाटेभोवती वाकलेले आम्ही चौघं पाठमोरे दिसलो असू. शेवटी पाहुण्यांना पाठच दाखवली आम्ही. फोटो दुसऱ्या खाटेवरच्या रिकाम्या मशीनचा आला. त्या फोटोसाठी तिला सुलटं करायची मुळीच गरज नव्हती.

मागच्या आवारातून परत आलेल्या सासूने दारातून पाहिलं. गुलाबी चादर, टिकली, उताणी पडलेली सून, छातीतून निघालेली नळी. ती म्हणाली, "हिले सुलटी कोणं केली?" साहेब माझ्या मागेच उभे होते आणि ते काय बोलतात हे मला ऐकायचं होतं. ते म्हणाले, "आजी, काळजी करू नका, बरी होईल."

बरी झाली. म्हणजे मेली नाही. महिनाभर मशीनवर, गळ्याला भोक पाडून. छातीतली नळी काढली की परत हवा गळायची, परत नळी. फुफ्फुसातली फाटलेली जागा जिथे जिथे भरून आली तिथे व्रण झाले, आणि व्रणातून हवा जात नाही. मी साहेबांना एक्स-रे दाखवला. ते म्हणाले, "वाचली ना? मग?" त्यानंतर मी ज्याला ज्याला ही गोष्ट सांगितली त्यानेही हेच विचारलं. या तीन शब्दांपुढे मी कितीदा हात टेकले असतील.

पुढच्या वर्षी एक सत्कार समारंभ झाला. नव्या मशिनींमुळे वाचलेली पहिली पेशंट म्हणून तिला बोलावलं होतं. तेच पाहुणे. तिने त्यांना फुलं द्यायची आणि चार शब्द बोलायचे होते. मलाही व्यासपीठावर खुर्ची होती. मी खाली बसले. व्यासपीठाला लाकडी पायऱ्या होत्या. ती त्या पायऱ्यांवर दोनदा थांबली. वर आली तेव्हा तिचे ओठ निळसर झाले होते आणि खांदे वरखाली होत होते. सूत्रसंचालन करणारा माइकवर म्हणाला, "ताईंना गहिवरून आलेलं आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग ती पाहुण्यांकडे बघून बोलली. एका दमात दोन-दोन शब्द. "साहेब आले. म्हणून मी वाचली." त्यावर आणखी टाळ्या. मी उठून बाहेर आले.

तिच्यावर राग आला होता का? आला होता. खोटं कशाला सांगू.

काही महिन्यांनी कुरखेड्याकडे शिबिराला गेले होते. वाट वाकडी करून तिच्या गावी गेले. नवरा मशीनवर शिवत बसला होता. मला पाहून त्याने पाय थांबवला आणि खुर्ची आणायला आत गेला. ती ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. अंगणवाडीत आता तिची मदतनीसच सगळं करते. ही सकाळी जाऊन बसते. मोठं पातेलं उचलता येत नाही आणि लेकरांमागे धावता येत नाही. गाणं म्हणायला दम पुरत नाही, म्हणून लेकरांची गाणीही आता मदतनीसच म्हणते, असं तिने सांगितलं.

सासूने पाणी आणलं. मी पीत असताना सुनेने विचारलं, "बाई, मले दम काऊन लागते? मलेरिया तं गेला ना?"

मी तिला सगळं सांगितलं. पालथं काय होतं, सुलटं का केलं, कोणी केलं, दाब कोणी वाढवला. ती निवडत राहिली. माझं झाल्यावर म्हणाली, "माहीत हाय बाई. बुडीनं, सासूनं सांगतलं मले. तिनं पाह्यलं ना."

"मग साहेबामुळे वाचली असं कसं बोलली तू?"

"मले सांगतलं तेच बोलली." दोन श्वास घेतले. "तुमी काम करू शकत नाई, राजीनामा द्या, असं म्हणून राह्यले होते वरचे. साहेबाले फुलं देल्ली तवापासून कोणी काई म्हणत नाई." मग जरा हसली. "फुलं देणं तं मले येतेच."

सासू म्हणाली, "आता पालथीच झोपते ते. मीच टाकतो तिचं अंथरूण. उतानी झोपली तं झोप नाई लागत तिले."

सून आत गेली आणि बोटात घालायचं ते ऑक्सिजन मोजायचं यंत्र घेऊन आली. समारंभात शालीबरोबर मिळालं होतं. बोट घालून तिने माझ्यापुढे धरलं. आधी आकडा हलला, मग थांबला. अठ्ठ्याऐंशी.

"रोज इतकाच येते," ती म्हणाली. "आमच्या लेकरांच्या वजनाच्या तक्त्यात हिरवा, पिवळा, लाल असते. हे कायच्यात येते बाई?"

मी तिचं बोट हातात धरून बसले. हेच अठ्ठ्याऐंशी थोडे दिवस सोसा, असं मी तेव्हा सगळ्यांना हात जोडून सांगत होते. त्या एका दिवशी ते कोणाला बघवले नाहीत. आता ते तिला जन्मभर पुरवायचे आहेत, आणि ते बघायला त्या गावाला पाहुणे येत नाहीत.